गाताना-नाचताना चेहरा: भाव की मुद्रादोष?

शेवटची_रांग
बरेच दिवस मनात होतं, आज काढतेच धागा. हल्ली मैफिलींचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट फार डोळ्यात भरायला लागलीये, आणि एकदा भरली की मग तीच दिसत राहते. गायक उत्तम, सूर पक्का, पण चेहरा... कुणाचा एकच डोळा बारीक होतो, कुणाचं तोंड तान घेताना डावीकडे सरकतं, कुणी तार षड्जाला (वरच्या सा ला) पोचलं की दात दिसायलाच लागतात. आमच्याकडे तर नवरा सरळ फोन पालथा ठेवून गाणं ऐकतो. दुसऱ्या बाजूला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा, तिथे आठ-नऊ वर्षांच्या पोरांना विरहाचं गाणं देतात आणि भुवया आक्रसून, मूठ छातीशी नेऊन गायला लावतात, वर परीक्षक म्हणणार गाणं छान झालं बेटा पण एक्स्प्रेशन कमी पडलं. अरे त्या पोराला विरह कुठून माहीत असणार! पण गंमत बघा, नाचात हाच चेहरा कोरा राहिला तर मलाच काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. म्हणजे आपल्याला चेहऱ्याकडून नक्की हवंय तरी काय? नावं घेऊन धुलाई नको प्लीज, हयात कलाकारांची तर अजिबातच नको.

अ_रसिक
डोळे मिटून ऐका. प्रश्न सुटला, धागा बंद करा :)

शेवटची_रांग
@अ_रसिक नाचसुद्धा डोळे मिटूनच बघता का हो?

अ_रसिक
हसून हसून पुरेवाट. बरं, बसतो गप.

तबल्यामागून
साथीदाराची बाजू मांडतो. आम्ही बसतो गवयाच्या उजव्या हाताला, त्यामुळे समोरच्यांना दिसतो तो चेहरा आम्हाला दिसतच नाही, आम्हाला दिसतो उजवा गाल, कान आणि कानाखालची जबड्याची हाडं. आणि खरं सांगू का, आमचं अर्धं काम त्या गालावर चालतं. एक गायक आहेत ज्यांच्याबरोबर मी पुष्कळ वाजवलंय, ते मोठी तान उचलायच्या आधी श्वास घेतात तेव्हा कानाखालचा तो स्नायू आवळला जातो, मग मला कळतं की आता बोट आवरून नुसता ठेका धरायचा. तान समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणार असेल तर भुवई आधीच वर गेलेली असते. आणि चुकून सम हुकली की ओठांच्या कोपऱ्यात एक बारीकसं हसू येतं, ते फक्त मला आणि पेटीवाल्याला. तुम्ही ज्याला वेडंवाकडं तोंड म्हणता ना त्यातलं बरंचसं आमच्यासाठी टपाल असतं. सगळंच नाही हां, काहींची तोंडं खरंच बघवत नाहीत, ते मान्य.

जुनी_पोथी
ही तक्रार जवळजवळ आठशे वर्षांची जुनी आहे बरं का. शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर, १३वं शतक, आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या दरबारात लिहिलेला, सिंघण राजाच्या काळात. त्यात गायकाचे २५ दोष सांगितलेत. त्यातले आवाजाचे, सुराचे, तालाचे बाजूला ठेवा आणि नुसते तोंडा-मानेचे बघा: संदष्ट म्हणजे दात आवळून गाणारा, कराली म्हणजे भयंकर तोंड वासणारा, करभ म्हणजे उंटासारखी मान वर काढून गाणारा, तुंबकी म्हणजे भोपळ्यासारखे गाल फुगवणारा, झोंबक म्हणजे ज्याच्या कपाळाच्या नि गळ्याच्या शिरा तटतटून फुगतात तो, वक्री म्हणजे मान वाकडी करणारा. मला खात्री आहे की प्रत्येक नावापुढे तुम्हाला कुणीतरी आठवलंय.

आता घट्ट बसा. या यादीत 'निमीलक' पण आहे, म्हणजे डोळे मिटून गाणारा! आज आपण ज्याला तल्लीनता म्हणतो ती शार्ङ्गदेवाच्या हिशेबात चूक. मला वाटतं त्यामागे दरबार असणार, समोर राजा बसलाय आणि तुम्ही डोळे मिटून घेताय म्हणजे काय. हा माझा अंदाज हं, त्याने कारण दिलेलं नाही.

कोमल_निषाद
निमीलक भारी आहे, उद्या क्लासला सांगते. मी गाणं शिकते आणि थोडं आवाजाच्या शास्त्राचंही वाचन केलंय, म्हणून लिहिते. चेहरा आणि आवाज ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. तोंडाची पोकळी हाच आवाजाचा निम्मा कारखाना. ओठ हसल्यासारखे मागे ओढले की ती नळी आखूड होते, आवाज उजळ, टोकदार होतो, ओठ पुढे काढून गोल केले की नळी लांबते आणि आवाज गडद होतो. फोनवर समोरचा हसून बोलतोय हे न दिसता कळतं ते ह्यामुळेच. ऑपेराच्या सोप्रानो बायका अगदी वरच्या सुरांना एवढा मोठा जबडा उघडतात तो काही नाटकीपणा नसतो, सूर जसा चढतो तशी तोंडातली गुंजनाची जागाही वर सरकवावी लागते नाहीतर आवाज पातळ पडतो आणि ऑर्केस्ट्राच्या वर ऐकूच येत नाही, त्यांच्याकडे माइक नसतो हे लक्षात घ्या. तेव्हा काही तोंडं गरजेची असतात.

पण काही तोंडं निव्वळ सवय. भुवया उचलून सूर वर जात नाही, सूर जातो स्वरयंत्रात, भुवया नुसत्या बरोबर जातात. जीभ मागे दाबली की हनुवटी पुढे येते, मान ताठते, मग चेहरा वाकडा दिसतो आणि सूरही जड होतो. माझ्या बाई 'तोंड नीट ठेव' असं कधीच म्हणत नाहीत, कारण तसं म्हटलं की मुलगी तोंडाचाच विचार करत बसते. त्या म्हणतात, अंगठा हनुवटीच्या खाली, मऊ भागात ठेव आणि आता तोच पलटा (सुरांचा सराव) म्हण. अंगठ्याला खालून धक्का बसला तर जिभेचं मूळ जोर लावतंय. ते सैल झालं की चेहरा आपोआप सुटतो, आरशाची गरज पडत नाही. (आरसा समोर ठेवून रियाज करायची पद्धत जुनीच आहे, पण मला आरशात बघून गाताना स्वतःचे केसच दिसतात.)

जाता जाता, जबड्याची तान हा प्रकार ऐकलाय का? जबडा हलवून घेतलेली तान. काही जण त्याला तानेचा एक प्रकार मानतात, काही सरळ दोष.

शेवटची_रांग
@कोमल_निषाद हे फार उपयोगी. म्हणजे गरजेचं तोंड आणि सवयीचं तोंड असे दोन भाग झाले.

घुंगरू_बांधलेली
मी भरतनाट्यम करते, शिकवते पण. मला तिसरा भाग घालायचाय, तो म्हणजे कमावलेलं तोंड :)

लोकांना वाटतं नाचणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर भाव 'येतात'. येत बित नाहीत, आणावे लागतात, एकेक स्नायू वेगळा करून. नाट्यशास्त्रात नुसत्या दृष्टी ३६ सांगितल्यात, भुवयांच्या हालचाली ७, नाकाच्या ६, गालांच्या ६, खालच्या ओठाच्या ६. वर मुखराग म्हणजे चेहऱ्याचा रंग, तो ४ प्रकारचा, आणि भरतमुनी म्हणतात बाकीचा अभिनय कितीही चांगला असला तरी मुखराग नसेल तर शोभा नाही. यादी कंटाळवाणी वाटेल पण वर्गात तिचा अर्थ कळतो. उदाहरण देते. अद्भुत (आश्चर्याचा) आणि भयानक (भीतीचा) रस, दोन्हीत डोळे मोठे होतात आणि भुवया वर जातात. नवीन मुलींचे दोन्ही चेहरे हुबेहूब सारखे दिसतात, बघणाऱ्याला कळत नाही समोर कृष्ण आलाय का कालिया. फरक खालच्या पापणीत आहे. आश्चर्यात ती सैल असते, भीतीत ताणली जाते, आणि भीतीत भुवया वर जाता जाता एकमेकींकडे ओढल्या जातात. खालची पापणी एकटी हलवायला शिकणं म्हणजे काय वैताग असतो तो करून बघा, आत्ता फोन खाली ठेवून करा. गाल हलतील, नाक हलेल, पापणी हलणार नाही.

आणि हे सगळं चालू असताना अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, मांड्या पेटलेल्या असतात त्याचा मागमूस चेहऱ्यावर दिसता कामा नये. इथे मला गाणाऱ्यांशी फरक वाटतो. आमच्याकडे श्रम झाकायचे आणि भाव दाखवायचा असं पहिल्या दिवसापासून शिकवतात. गाण्यात उलट होतं, झालेले श्रमच चेहऱ्यावर उमटतात आणि रसिक त्यालाच भाव समजून माना डोलावतात.

अ_रसिक
शेवटचं वाक्य झोंबलं बरं का ताई. (झोंबक नव्हे.)

मंद्र_सप्तक
@घुंगरू_बांधलेली असहमत, आणि जोरदार असहमत. भीमसेनजींचं काय मग? ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलंय त्यांना विचारा. हात जमिनीतून काहीतरी उपसल्यासारखा वर यायचा, मान झटकली जायची, चेहरा पिळवटून निघायचा आणि त्यातून तो तार षड्ज सुटायचा. नकला करणाऱ्यांनी तर त्यावर पोट भरलं. पण त्या माणसाचा चेहरा झाकून गाणं ऐका आणि चेहऱ्यासकट ऐका, दोन वेगळे अनुभव आहेत. श्रम तर श्रम, ते त्या गाण्याचा भागच होते. स्वर कुठून येतोय, किती खोलातून येतोय हे दिसत होतं. तुमच्या शार्ङ्गदेवाने त्यांना पाच-सहा दोष लावले असते आणि मग बसून ऐकलं असतं मुकाट.

जुनी_पोथी
हाहा, बसलाच असता. नाही कोण म्हणतंय.

निवांत_श्रोता
मला दुसरं टोक आठवलं. लताबाई. स्टेजवर जवळजवळ न हलता उभ्या, समोर कागद, नजर कागदावर. हात नाही, भुवई नाही. ना अभिनय ना काही. आणि गाणं सुरू झालं की पडद्यावरच्या कुठल्या कुठल्या नायिकांचे चेहरे त्या आवाजात ऐकू यायचे. पार्श्वगायन हा प्रकारच तसा आहे म्हणा, गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा. मग जिने गायचंय तिने चेहऱ्यावर कशाला खर्च करायचा? आता उलट झालंय, गाणाऱ्यालाच नाचायला पण लावतात, धापा टाकत गातात बिचारे.

ढोलकीची_थाप
गळा आणि चेहरा एकाच बाईचा, आणि दोन्ही तितकेच कमावलेले, असा प्रकार आपल्याकडे होता की. बैठकीची लावणी! कुणी तिचं नावच घेतलं नाही अजून. फडावरची लावणी वेगळी, तिथे पाय, कंबर, पदर सगळं असतं. बैठकीत बाई बसलेली. पाय गेले, गिरकी गेली, राहिलं काय तर गळा, हात आणि चेहरा. यमुनाबाई वाईकर २०१८ साली गेल्या, त्यांचं रेकॉर्डिंग मिळालं तर बघा, नुसतं ऐकू नका, बघा. एकच ओळ परत परत यायची आणि दर वेळी अदा निराळी. एकदा लटका राग, एकदा विनवणी, एकदा 'जा, नाही बोलत' असं, शब्द तेच. बाईंचं वय झालेलं, अंगावर नेसूचं साधं लुगडं, तरी ओळीतली सोळा वर्षांची पोरगी समोर यायची.

घुंगरू_बांधलेली
@ढोलकीची_थाप अगदी अगदी! कथकमध्ये ह्यालाच भाव बताना म्हणतात. लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसून ठुमरीची एक ओळ घ्यायचे आणि तिचे अर्थ चेहऱ्याने उलगडत जायचे, ह्यासाठीच त्यांचं नाव होतं. आमच्याकडे बालासरस्वती, त्या तर नाचताना स्वतः गायच्याही. आणि वयाचं म्हणाल तर ओडिसीचे केलुचरण महापात्र, टक्कल पडलेले वयस्कर गृहस्थ, साधं धोतर, आणि राधा करायला लागले की टक्कल दिसेनासं व्हायचं.

@मंद्र_सप्तक तुमचा मुद्दा घेते, थोडा. खयालात शब्द कमी आणि स्वर जास्त, तिथे भाव स्वराचाच असतो, मग श्रम दिसले तर चालतात. पण ठुमरी, लावणी, पदम (आमच्याकडचं अभिनयाचं गाणं) इथे शब्दात एक माणूस उभा असतो, कुणीतरी कुणालातरी काहीतरी म्हणत असतं. तिथे गाणाऱ्याच्या कष्टाचा चेहरा त्या माणसाच्या आड येतो. एवढंच म्हणणं होतं.

मंद्र_सप्तक
हे पटलं. आधी असं लिहिलं असतंत तर भांडलो नसतो :)

चौथा_कॅमेरा
इतका वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मैफिली आणि नाचाचे कार्यक्रम शूट करणं हाच माझा धंदा आहे, आणि सगळी गडबड आम्ही केलीये असं माझं प्रामाणिक मत.

विचार करा, शेवटच्या रांगेतून (धागाकर्तीची माफी मागून) गायकाचा चेहरा केवढा दिसतो? अंगठ्याच्या नखाएवढा. त्या अंतरावर दात, शिरा, वाकडा ओठ काही कळत नाही, कळतो फक्त अंगाचा एकूण रोख. आम्ही लांबची लेन्स लावतो आणि तोच चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत फ्रेमभर भरतो. इतक्या जवळून आपण माणसाला कधी बघतो? आई बघते बाळाला, दातांचा डॉक्टर बघतो. त्यात तो माणूस तार सप्तकात. कुणाचाही चेहरा त्या क्षणी पॉज केला तर तो विनोदीच दिसणार, आणि लोक नेमका तोच स्क्रीनशॉट फिरवतात.

नाचाचं उलटं होतं. तिथे चेहरा आणि मेकअप बेतलेलेच असतात लांबून वाचता यावेत म्हणून. काजळाची रेघ जाड, भुवई जाड. कथकली तर तेलाच्या मोठ्या समईच्या उजेडात रात्रभर चालायचं, म्हणून तो हिरवा रंग, ती पांढरी किनार, आणि डोळे लाल करायला पापणीत एक छोटंसं बी घालतात, लाल कडेत बुबुळं उठून दिसावीत म्हणून. ह्या चेहऱ्याचा क्लोजअप घेतला की लोक म्हणतात किती भडक. भडक नाहीये, तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभे आहात.

कथकलीची अजून एक गोष्ट, तिथे गाणारे मागे उभे असतात, बोलणं-गाणं सगळं त्यांचं, नट तोंडातून शब्द काढत नाही. निवांत_श्रोता म्हणतात ती गळा-चेहऱ्याची वाटणी सिनेमाच्या कितीतरी आधी झाली होती.

अ_रसिक
तरी मी म्हणतो ऐकणं महत्त्वाचं. चेहऱ्यावरून गाणं ठरवणारे ते खरे रसिक नव्हेत.

चौथा_कॅमेरा
@अ_रसिक तुमच्यासाठी खास. चिया-जुंग त्से नावाच्या संशोधक आहेत, स्वतः पियानो वाजवणाऱ्या. २०१३ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पियानो स्पर्धांच्या फायनलचे तुकडे घेतले, काहींना नुसता आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून नुसता व्हिडिओ दाखवला, आणि विचारलं ह्यातला विजेता कोण. आवाज बंद असलेल्यांनी विजेता जास्त वेळा बरोबर ओळखला! व्यावसायिक संगीतकारांचंही तेच झालं. आणि सगळे आधी म्हणत होते की आम्ही आवाजावरूनच ठरवतो.

अ_रसिक
...

मंद्र_सप्तक
अ_रसिक यांची सम हुकली.

कोमल_निषाद
तबल्यामागून, ते कोपऱ्यातलं हसू पाठवा त्यांना.

शेवटची_रांग
काय सुरेख चर्चा चाललीये, सगळ्यांचे आभार. मला आता एक घरगुती प्रश्न, खरं तर ह्याच्यासाठीच धागा काढला होता :) भाची भरतनाट्यम शिकते, अकरा वर्षांची. पावलं पक्की आहेत पण चेहरा दगड. तिला कुणीतरी सांगितलं की सारखं हसत राहायचं, तर आता ती अलारिप्पूपासून (कार्यक्रमातला पहिला नाच) शेवटपर्यंत एकच हसू घेऊन नाचते, दात दिसतात आणि डोळ्यात भीती. ते पाण्यातल्या कवायतीवाल्या मुली नाकाला क्लिप लावून हसतात ना, तसलं. काय करावं?

कोमल_निषाद
ते हसू खोटं का दिसतं ह्याचं उत्तर फार जुनं आहे. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली दाखवून दिलं होतं की खऱ्या हसण्यात ओठ ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो आणि हा दुसरा सहसा सांगून आवळता येत नाही. त्यामुळे 'हस' म्हणून हुकूम सोडला की फक्त ओठ ऐकतात.

घुंगरू_बांधलेली
@शेवटची_रांग आधी त्या बाळाला सांगा की नृत्तात, म्हणजे नुसत्या तालाच्या भागात, हसायचं नसतंच. चेहरा मोकळा ठेवायचा, एवढंच. प्रसन्न आणि हसरा ह्यात फरक आहे. दात मिटलेले राहू देत पण आवळलेले नकोत, वरच्या-खालच्या दातांमध्ये जेमतेम एक फट. जीभ टाळूला चिकटली असेल तर सोडायची. पावलं मोजताना मुलं जीभ चिकटवतात आणि जबडा दाबतात, चेहऱ्याचा दगड तिथून होतो. अलारिप्पूत डोळे आणि मानेच्या हालचाली असतातच, त्या आधी पाय न हलवता, मांडी घालून बसून, नुसत्या करू देत, मग पाय जोडायचे.

भाव नंतर. आणि तो आरशासमोर करायला लावू नका इतक्यात. तिला गोष्टीतली एक ओळ द्या, 'कृष्णा, लोणी कुणी खाल्लं?' अशी, आणि पाच वेगवेगळ्या माणसांना विचारायला सांगा. लाडक्या बाळाला, खोटं बोलणाऱ्या बाळाला, झोपेतून उठलेल्या बाळाला, शेजारणीसमोर, आणि एकटं असताना. चेहऱ्याचं नावही काढायचं नाही. समोर कोण आहे ते डोळ्यांना कळलं की बाकीचं मागून येतं. अभिनयदर्पण या नाचावरच्या जुन्या ग्रंथातला श्लोक तिला पाठ असेलच, यतो हस्तस्ततो दृष्टि:, जिथे हात तिथे नजर. मुलं तो घडाघडा म्हणतात आणि नजर प्रेक्षकातल्या आईकडे. म्हणून कार्यक्रमात आईला मागच्या रांगेत बसवा.

शेवटची_रांग
आई नाही, मीच बसते समोर आणि मोबाइल धरून शूट करते :( बरं, मागे जाते.

चौथा_कॅमेरा
झूम पण करू नका.

तबल्यामागून
सगळं झालं पण एक राहिलं. पेटीवाल्यांच्या चेहऱ्यावर कुणीच काही बोललं नाही. माझ्या समोरच असतो तो, गवयाच्या पलीकडे, आणि दोन-दोन तास असा चेहरा करून बसतो की त्याला कुणीतरी जबरदस्तीने आणून बसवलंय. मग गवई एखादी जागा घेतो, हा तीच जागा मागून काढतो आणि एकदम लाजतो. दर वेळी लाजतो. का ते मला अजून कळलेलं नाही.

पेटी_भाता
वाचतोय बरं का. तुम्ही वाजवताना ओठ हलवून बोल म्हणता ते कुणाला सांगत नाही मी.